सही करणाऱ्याची शपथ

तारापूर औद्योगिक वसाहतीत समारंभांची उणीव नाही. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना १९६६ साली ४ मार्चला झाली. म्हणून दरवर्षी त्या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा दिन आणि त्याला जोडून १० मार्चपर्यंत सुरक्षा सप्ताह पाळतात. कारखान्याच्या आवारात सगळे रांगेत उभे राहतात, उजवा हात पुढे करतात, एकजण शपथेची ओळ म्हणतो आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. १५ सप्टेंबरला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची जयंती, म्हणजे अभियंता दिन. त्या दिवशी प्रतिमेला हार घालतात, सत्कार होतात, भाषणं होतात. दोनच दिवसांनी, १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजन. उत्तर भारतातून आलेले कामगार ते मनोभावे करतात. मग खंडेनवमी आणि दसरा. बॉयलरला झेंडूची माळ, पंपावर हळदकुंकू, लेथपुढे नारळ, पॅनेलवर आपट्याची पानं.

यातल्या एकाही विधीला नावं ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. दसऱ्याच्या निमित्ताने यंत्र थांबतं, धुतलं-पुसलं जातं, हातांना क्षणभर विसावा मिळतो. ज्या वस्तूवर पोट चालतं तिच्यापुढे वाकणं ही कष्टकऱ्याची कृतज्ञता आहे आणि ती खरी आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या विधींत यंत्राची पूजा होते आणि कामगाराकडून शपथ घेतली जाते. पण ज्याच्या सहीने ते यंत्र चालू होतं आणि तो कामगार आत उतरतो, त्या अभियंत्याला सही करणारा म्हणून कोणीही, कधीही, काहीही विचारत नाही. तो प्रमुख पाहुण्यांशेजारी बसतो, हार स्वीकारतो, रांगेत उभं राहून सगळ्यांची शपथ म्हणतो. त्याच्या स्वतःच्या कामाची शपथ अजून लिहिलीच गेलेली नाही.

तिची गरज किती आहे हे कुंभवलीत उभं राहिलं की कळतं. कुंभवली, कोलवडे, सालवड, पास्थळ, सरावली ही गावं वसाहतीला खेटून आहेत. कारखान्यात काही बिघडलं तर त्याची वार्ता इथल्या घरांना भोंग्याआधी वासाने कळते. ८ मार्च २०१८, गुरुवार. देशभर सुरक्षा सप्ताह चालू होता, त्याचा तो पाचवा दिवस. रात्री अकराच्या सुमारास वसाहतीतल्या नोव्हाफेन स्पेशालिटीज या रसायन कारखान्यात स्फोट झाला, आग शेजारच्या कारखान्यांपर्यंत गेली आणि ३ माणसं मेली. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवड्याच्या हद्दीत दुसरा स्फोट झाला. त्यात ८ जण गेले. त्याच वर्षी १७ ऑगस्टला आणखी एक, २ मृत्यू. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका औषध कारखान्यात वायुगळतीने ४ कामगारांचा जीव घेतला. ही यादी पुरी नाही.

मरणाची दुसरी तऱ्हा संथ आहे आणि तिला आवाज नसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा तारापूर ९३.६९ गुणांसह सर्वांत वर होतं. सांडपाणी नाल्यातून खाडीत आणि वाहिनीतून नवापूरच्या समुद्रात जातं. मासळीवर जगणाऱ्या मांगेला समाजाच्या ताटातून ते परत येतं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०२२ मध्ये लवादाने इथल्या उद्योगांवर शंभर कोटींहून मोठी पर्यावरण भरपाई लावली. ही लढाई मच्छीमारांना लढावी लागली. ज्यांना त्या पाण्यात काय आहे हे सर्वांआधी आणि सर्वांत नेमकं माहीत होतं, ते शिकलेले लोक त्या वेळी कुठे होते, हा प्रश्न आपल्या व्यवसायाने स्वतःला विचारायला हवा.

आता ती सुरक्षेची शपथ पाहा. तिच्यात माणूस म्हणतो की मी सुरक्षा, आरोग्य आणि पर्यावरण यांना वाहून घेईन, नियम आणि कार्यपद्धती पाळीन, चांगल्या सवयी लावून घेईन. हेल्मेट घालणाऱ्यासाठी ती पुरेशी आहे. पण तिच्यात ‘थांबवीन’ असं कुठेच येत नाही. ‘नाकारीन’ येत नाही. ‘खोटं लिहिणार नाही’ येत नाही. आणि रसायन कारखान्यातले मोठे अपघात हेल्मेट विसरल्याने क्वचितच होतात. ते कुठल्यातरी कागदावर झालेल्या सहीतून सुरू होतात.

ती सही कशी होते, हे प्लांटमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रिअ‍ॅक्टरचं तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेलं की पुरवठा आपोआप बंद करणारा इंटरलॉक असतो. तो वारंवार ट्रिप होतो, बॅच अडकते, म्हणून तो ‘तात्पुरता’ बायपास केला जातो. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तपासणीची तारीख उलटून गेलेली असते. शिफ्ट इन्चार्ज सांगतो, ‘साहेब, व्हॉल्व्ह टेस्टला पाठवायला हवा.’ उत्तर येतं, ‘एवढी बॅच काढून घे, मग बघू.’ टाकीत उतरण्याआधी आतली हवा तपासल्याची परमिटवर नोंद लागते. मीटर जागेवर नसतो, ठेकेदाराची माणसं खोळंबलेली असतात, रकान्यात आकडा लिहिला जातो. ३० सप्टेंबरच्या आत कारखान्याचं पर्यावरण विवरणपत्र प्रदूषण मंडळाला जायचं असतं. समारंभांच्या त्याच महिन्यात कुठला तरी तरुण अभियंता संगणकापुढे बसून सांडपाण्याचे आकडे भरत असतो आणि ते आकडे कसे ‘बसवायचे’ हे त्याला वरून सांगितलेलं असतं.

यातली एकही कृती त्या क्षणी खून वाटत नाही. एक सही, एक आकडा, एक दिवसाची सवलत. पण अशा सवलती एकावर एक साचत जातात. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर जोडलेला नव्हता, वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर वेळेला कामी आला नाही. यातली प्रत्येक गोष्ट त्याआधी कुणीतरी बंद ठेवू दिली होती, आणि ‘हे चालेल’ असं कुणीतरी म्हटलं होतं. आपल्या मुंबईत १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळला आणि ७ माणसं गेली. त्या पुलाची संरचनात्मक तपासणी झालेली होती. किरकोळ दुरुस्ती करून तो वापरता येईल असा शेरा कागदावर होता. त्या दिवशी पुलावरून चालणाऱ्या बाईने तो शेरा वाचला नव्हता. तिला वाचायची गरजही नव्हती. तिने अभियंत्यावर विश्वास ठेवला होता, आणि ज्याला आपण ओळखत नाही त्याच्यावर असा विश्वास ठेवल्याशिवाय शहरात एक पाऊलही टाकता येत नाही.

या विश्वासाची किंमत एका देशाने विधीच्या रूपात बांधून ठेवली आहे. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेकचा प्रचंड लोखंडी पूल बांधत होते. मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फुटांचा केला, पण वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळेवर नव्याने केला नाही. तुळया वाकू लागल्याचं जागेवरच्या तरुण अभियंत्याला दिसलं. तो स्वतः न्यूयॉर्कला मुख्य सल्लागाराकडे गेला. पुलावर आणखी भार टाकू नका, असं सांगणारी तार निघाली. ती बांधकामाच्या जागी पोचून काम थांबलं मात्र नाही. २९ ऑगस्ट १९०७ ला संध्याकाळी पूल कोसळला. ७५ कामगार मेले. त्यातले तिसाहून अधिक काह्नवाके या एकाच मोहॉक वस्तीतले होते. संकट दिसलं होतं, कळवलं होतं, आणि तरीही दिवसभर काम चालूच राहिलं. चौकशीने दोष अभियंत्यांच्या निर्णयांवर ठेवला.

पुढे १९२२ मध्ये हर्बर्ट हॉल्टेन या प्राध्यापकाने सुचवलं की नव्या अभियंत्याने व्यवसायात पाऊल टाकताना काहीतरी बांधिलकी स्वीकारावी. तिचा मजकूर रडयार्ड किपलिंगने लिहिला. हा लेखक मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला. १९२५ मध्ये माँट्रियलला पहिला विधी झाला. तेव्हापासून कॅनडातले अभियंते काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत लोखंडाची साधी अंगठी घालतात. नकाशावर रेघ ओढताना, कागदावर सही करताना ती कागदाला घासते. कोसळलेल्या पुलाच्या लोखंडातून या अंगठ्या घडवल्या ही दंतकथा आहे. मात्र त्या दंतकथेला लोक इतकी वर्षं धरून राहिले, कारण अपयश अंगावर वागवण्यात त्यांना अभिमान वाटला.

किपलिंगचा साम्राज्यवाद मला मान्य नाही, आणि कॅनडातही अलीकडे त्या मजकुराचा फेरविचार सुरू झाला आहे. त्या विधीत मला आणखी एक उणीव दिसते: तो बंद दाराआड होतो, अभियंत्यांनी अभियंत्यांपुढे. काह्नवाकेच्या विधवांना तिथे जागा नव्हती. आणि अंगठी एकटी पुरत नाही, हेही त्याच देशाने पाहिलं. २३ जून २०१२ ला ऑन्टॅरिओतल्या एलियट लेक गावात बाजार-इमारतीचं छत कोसळून दोघी मेल्या. काही आठवडे आधी पाहणी होऊन ती इमारत सुरक्षित ठरवली गेली होती. म्हणून ती अंगठी जशीच्या तशी उचलून आणा, असं मी म्हणणार नाही. सत्कारासाठी आपल्याकडे शाली पुरेशा आहेत, त्यात अंगठ्यांची भर नको.

आपल्याला घ्यायचं असेल तर आपल्याच मातीतून घेता येईल. पुण्याजवळच्या खडकवासला धरणाची गोष्ट पुरेशी आहे. एकोणिसाव्या शतकात ते बांधलं जात असताना बांधकामाचा माल पुरवणाऱ्यांत जोतीराव फुले होते. बांधकाम खात्यात कष्टकऱ्याच्या मजुरीवर वरचे लोक कसे पोसले जातात हे त्यांनी जवळून पाहिलं, आणि १८७३ च्या ‘गुलामगिरी’त इंजिनिअर खात्यातल्या कारभारावर पवाडा छापला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज उभा राहिला. त्याचा सभासद होताना शपथ घ्यावी लागे. अभियंत्याच्या नीतीचा प्रश्न मराठीत मांडला गेला तो असा, मजुराच्या बाजूने उभं राहून. त्याच खडकवासल्याला १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी पाणी चढलं की आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. धोका वाढला की माणसाच्या मर्जीची वाट न पाहता यंत्रणेने स्वतःच वाट मोकळी करावी, हा त्यामागचा विचार. आणि त्याच खडकवासल्याला १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्याचा लोंढा धडकला, ते धरणही फुटलं आणि पुणं बुडालं. पानशेतचं काम पुरं झालेलं नव्हतं, पाणी सोडण्याच्या वाटेचे दरवाजे धड बसलेले नव्हते, तरी पहिल्याच पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. एकाच धरणाच्या इतिहासात आपल्याला सत्यशोधन आहे, विवेकाचं तंत्र आहे आणि घाईचं प्रायश्चित्तही आहे. अभियंता दिनाला आपण फक्त मधलं पान वाचतो. विश्वेश्वरय्यांच्या प्रतिमेला हार घालतो, आणि फुले नि पानशेत यांचं नावही घेत नाही. ज्या व्यवसायाला आपले पराभव आठवत नाहीत त्याला नीती शिकवता येत नाही.

यावर तीन आक्षेप हमखास येतील. पहिला: शपथांनी काय होतं? कोर्टात शपथ घेऊन लोक खोटं बोलतातच. बोलतात. पण तिथे शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा ठरतो, आणि शपथेमागे कायदा उभा असतो. डॉक्टरची नोंदणी वैद्यकीय परिषद काढून घेऊ शकते, वकिलाची सनद बार कौन्सिल. वास्तुरचनाकारांसाठी १९७२ चा कायदा आहे. सर्व अभियंत्यांची नोंदणी ठेवणारी आणि खोट्या सहीबद्दल ती रद्द करू शकणारी वैधानिक परिषद मात्र या देशात नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स १९२० पासून आहे, तिची आचारसंहिताही आहे, पण ती तिच्या सभासदांपुरती. म्हणून शपथ आणि कायदा यांची मागणी एकत्रच करायला हवी. नुसता कायदा माणसाला पळवाट शोधायला लावतो. नुसती शपथ त्याला एकटं पाडते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: नोकरी जाते. वसाहतीशेजारच्या बोईसरमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारा, घराचे हप्ते आणि बहिणीचं लग्न डोक्यावर असलेला पंचविशीतला अभियंता ‘सही करणार नाही’ म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो. ही भीती मी लहान मानत नाही. म्हणूनच एकट्याच्या धैर्यावर सगळा भार टाकणारी नीती मला अपुरी वाटते. नकार एकाने दिला तर ते बंड ठरतं, सगळ्यांनी जाहीरपणे आधीच दिला असेल तर तो व्यवसायाचा नियम होतो. समारंभाचं खरं काम तेच असतं. लग्न चार लोकांसमोर लावतात ते यासाठीच, की पुढे निभावताना माणूस एकटा नसावा. वसाहतीतल्या सगळ्या शिफ्ट इन्चार्जनी, प्लांट मॅनेजरांनी, सुरक्षा अधिकाऱ्यांनी एकाच दिवशी एकच वचन दिलं, तर नकार देणाऱ्याच्या जागी बसायला तयार असणारा माणूस मालकाला शोधावा लागेल, आणि तो सहज सापडणार नाही.

तिसरा आक्षेप: दोष मालकाचा, शिक्षा अभियंत्याला का? मालकाचा दोष मोठा आहेच. नफ्यासाठी ज्याने घाई लावली तो कायद्यापुढे पहिला उभा राहिला पाहिजे. पण मालकाला रिअ‍ॅक्टर वाचता येत नाही. अभियंत्याला येतो. ज्याला दिसतं त्याच्यावर जास्त जबाबदारी येते, आणि शिक्षणाने आपल्याला पगारासोबत तीही दिली आहे. शिवाय परिणाम सोसावे कोणाला लागतात ते पाहा. सही करणारा संध्याकाळी डहाणू-विरार लोकल धरून घरी जातो. टाकीत उतरतो तो ठेकेदाराचा माणूस: उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडमधून आलेला, किंवा इथल्याच पाड्यावरचा आदिवासी. रात्री स्फोट झाला की घर हादरतं ते कुंभवलीतल्या म्हाताऱ्या आजीचं. निर्णय एकाचा आणि मरण दुसऱ्याचं, ही व्यवस्था या देशात नवी नाही. जन्माच्या उतरंडीने ती शतकानुशतकं चालवली. पदवीच्या उतरंडीने ती पुढे चालू ठेवायची की नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. यापुढचा अभियंता दिन हॉटेलच्या सभागृहात साजरा करू नका. तो कुंभवलीत करा, शाळेच्या पटांगणात, ग्रामसभेसमोर. नवापूर-आलेवाडीच्या मच्छीमारांना बोलवा, ठेक्यावरच्या कामगारांना भरपगारी सुट्टी देऊन बोलवा. त्यांच्यापुढे उभं राहून, त्यांना कळेल अशा मराठीत आणि हिंदीत, ज्यांच्या सहीला कारखान्यात वजन आहे त्या प्रत्येकाने म्हणावं: जे मी स्वतः पाहिलं नाही त्यावर मी सही करणार नाही. संरक्षक यंत्रणा बंद ठेवून काम चालू द्यायला मी संमती देणार नाही. न मोजलेला आकडा मी लिहिणार नाही. धोका सांगायला आलेल्या कामगाराला मी हाकलणार नाही. त्याचं म्हणणं लिहून घेईन आणि काम थांबवीन.

हे झाल्यावर त्याच पटांगणात कारखान्याच्या मालकाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने लेखी द्यावं की सही नाकारल्याबद्दल कुणाची नोकरी, बढती किंवा बदली हत्यार म्हणून वापरणार नाही. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, कारखाना कायद्यात कामगाराला नजीकच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क लिहिला गेला. तो हक्क ऐकून घेणारा कान या शपथेने तयार होईल. आणि दसऱ्याला पूजा करायची ती जरूर करावी. पण माळ घालण्याआधी त्या बॉयलरच्या, त्या रिअ‍ॅक्टरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची शेवटची तपासणी कधी झाली, पुढची कधी आहे, कोणता इंटरलॉक बायपासवर आहे आणि कोणाच्या सहीने, हे मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहून यंत्राशेजारी लावावं. तारीख उलटलेली असेल तर त्या यंत्राला त्या दिवशी माळ नको, दुरुस्ती हवी. यंत्राचा याहून मोठा आदर मला माहीत नाही.

या कशालाही सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. उद्योजकांची संघटना, अभियांत्रिकी महाविद्यालयं, ग्रामपंचायत आणि कामगार संघटना यांनी ठरवलं तर येत्या १५ सप्टेंबरला पहिली शपथ होऊ शकते. पहिल्या वर्षी दहाच जण येतील. काही कंपन्या परवानगी देणार नाहीत. काहीजण हसतील. सत्यशोधक समाजाच्या पहिल्या सभेलाही सगळं पुणं आलं नव्हतं. पण ज्या दहांनी गावासमोर वचन दिलं, त्यांच्यापैकी एकाला रात्रपाळीत फोन येईल, ‘एवढी बॅच काढून घे.’ त्या वेळी त्याला कुंभवलीतले चेहरे आठवले आणि त्याने काम थांबवलं, तर त्या रात्री काहीच घडणार नाही. वर्तमानपत्रात बातमी येणार नाही, सत्कार होणार नाही, कोणाचा जीव वाचला हे कोणाला कळणारही नाही. असं काहीही न घडणं हीच अभियंत्याची खरी कमाई आहे, आणि अपघात घडू न देण्याची जबाबदारी गावासमोर उभं राहून स्वीकारणं हे या व्यवसायाचं पहिलं कर्तव्य आहे.